मतदान घरी येते, मग गोळ्या का नाहीत?

2024 च्या लोकसभा निवडणुकीत भंडारा-गोंदिया मतदारसंघाचे मतदान पहिल्याच टप्प्यात, 19 एप्रिलला झाले. त्याआधी काही दिवस निवडणूक कर्मचाऱ्यांची पथके एका वेगळ्याच कामाला लागली होती. वयाची 85 वर्षे ओलांडलेल्या आणि 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ज्या मतदारांनी '12-ड' नमुन्यात अर्ज भरून दिला होता, त्यांचे मत त्यांच्या घरी जाऊन घ्यायचे होते. सोबत पोलीस, चित्रीकरण करणारा, मत गुप्त राहावे म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा. खाटेवरून उठू न शकणाऱ्या म्हातारीपुढे सरकार असे चार-पाच माणसांनिशी येऊन बसले, तिने खूण केली, पाकीट बंद झाले.

या कामासाठी सरकारने नवी इमारत बांधली नाही की नवे खाते उघडले नाही. वय मतदार यादीतच होते. गावातल्याच केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, म्हणजे बहुधा एखाद्या शिक्षकाने किंवा अंगणवाडी सेविकेने, आधी घरी जाऊन अर्ज दिला होता. पथक कोणत्या दिवशी येणार ते कळवले होते. यादी, ठरलेला दिवस आणि दारात येणारा ओळखीचा माणूस, एवढ्यावर काम भागले. वृद्धांना स्वतःच्या घरात, स्वतःच्या गावात नीट म्हातारे होता यावे यासाठी जे नियोजन लागते, त्याचाही बराचसा भाग एवढाच आहे. फरक इतकाच की मत पाच वर्षांतून एकदा लागते आणि रक्तदाबाची गोळी रोज लागते.

हे प्रकरण मी दिघोरी डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. नागपूरकराला दिघोरी म्हटले की उमरेड रोडवरचा नाका आठवतो. ती ही नव्हे. ही भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातली दिघोरी (मोठी). चुलबंद आणि वैनगंगेच्या पाण्यावर जगणारा हा धानाचा मुलूख. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पोलीस ठाणे आहे. आसपासच्या कितीतरी लहान गावांना एवढेही मिळालेले नाही. म्हणूनच दिघोरी मला सोयीची वाटते. जिथे काहीच नाही तिथे नियोजनाचा प्रश्न पैशांचा असतो. जिथे सगळे थोडे थोडे आहे तिथे तो जोडणीचा होतो, आणि महाराष्ट्रातली बरीच मोठी गावे या दुसऱ्या प्रकारातली आहेत.

आकडे थोडक्यात सांगतो. 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक 10 कोटी 38 लाखांच्या आसपास होते आणि त्यांतले 71 टक्के खेड्यांत राहत होते. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण जवळपास 10 टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. त्यानंतरची जनगणना लांबली. या काळात झाडीपट्टीतली, म्हणजे या धानपट्ट्यातली, तरुण मुले नागपूर-पुण्याकडे गेली आणि मजुरी करणारी जोडपी मिरची तोडायला तेलंगणात जाऊ लागली. ती काही महिन्यांसाठी जातात आणि परत येतात, पण त्या महिन्यांत घरात म्हातारा, म्हातारी आणि शाळेत जाणारी नातवंडे एवढीच उरतात. तेव्हा कोण कोणाला सांभाळते, असा प्रश्न कोणी विचारलाच तर उत्तर चटकन देता येणार नाही.

आता घरात शिरू. धानपट्ट्यातले जुने घर म्हणजे पुढे सपरी, मध्ये माजघर, मागे सांदवाडी. सपरीला रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या, त्याही एकसारख्या उंचीच्या नाहीत. आधी मातीच्या होत्या, पुढे कधीतरी वर सिमेंट आले. 2014 नंतर स्वच्छ भारत मोहिमेच्या 12,000 रुपयांतून संडास झाला तो सांदवाडीच्या टोकाला, कारण घराच्या पोटात संडास नको ही समजूत आणि मोकळी जागाही तिथेच. खाटेपासून तिथवर अंगण ओलांडायचे, नळाजवळची ओल ओलांडायची, वाटेत बकरीचा खुंटा. रात्री दिवा नाही. आत भारतीय बैठकीचे भांडे. ज्या गुडघ्यांनी चाळीस-पन्नास पावसाळे चिखलात वाकून रोवणी केली, त्यांना तिथे बसता येते पण उठता येत नाही, आणि उठताना धरायला काही नाही. मग म्हातारी दोन गोष्टी करते: संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडते आणि रात्रीचे उठणे पहाटेपर्यंत ढकलते. लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, चक्कर या तक्रारी घेऊन ती आरोग्य केंद्रात जाते तेव्हा गोळ्या मिळतात. संडास कुठे आहे, हे विचारण्याची जागा केसपेपरवर नसते.

भिंतीत बसवलेला एक लोखंडी दांडा, एक दिवा, पायऱ्यांची सारखी केलेली उंची आणि वर ठेवायची कमोड खुर्ची यांत यातले बहुतेक सुटते. कमोड खुर्ची तर सरकारी योजनेतही बसते. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या व्यक्तीला अशा साधनांसाठी एकदा 3,000 रुपये खात्यात मिळतात. पैसे खात्यात येतात, खुर्ची मात्र गावात येत नाही; ती आणायला कोणीतरी साकोली किंवा भंडाऱ्याला जावे लागते. मग 3,000 रुपये खताच्या उधारीत जातात. त्यात म्हातारीची चूक नाही. पैसे देणे सरकारला सोपे जाते आणि वस्तू दारात पोचवणे अवघड, म्हणून योजना तशी बेतली जाते.

शहरातल्या ज्येष्ठांचे नियोजन आठवड्याच्या दिवसांवर चालते. गावचे ऋतूंवर बेतले नाही तर ते फसतेच. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी सुरू झाली की सकाळपासून गाव धानाच्या बांधीत असते. घरे रिकामी, गल्ल्या चिखलाच्या, साप बाहेर पडलेले. एखादा म्हातारा सकाळी सांदवाडीत पडला तर तो दुपारपर्यंत तसाच पडून राहू शकतो, कारण हाक ऐकायला शेजारीही घरी नाही. एप्रिल-मे महिन्यांत पूर्व विदर्भातला पारा 45 अंशांच्या आसपास जातो. कवेलूच्या घरात निदान थोडी हवा खेळायची. घरकुलाचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता आत ओततो. कापणी-मळणीच्या काळात पुन्हा घरे रिकामी. म्हणजे वर्षातले ठरावीक आठवडे असे आहेत की त्यांत म्हाताऱ्या माणसाच्या घरी दिवसातून एकदा कोणीतरी डोकावून येणे हीच सगळ्यात मोठी सेवा आहे. हे आठवडे कोणते, ते गावातल्या पोराला विचारले तरी तो सांगेल. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात मात्र ते लिहिलेले नसतात.

आणि डोकावून यायचे ते कोणाकडे? गावात म्हाताऱ्यांची नावे चार ठिकाणी आहेत. मतदार यादीला वय माहीत आहे, पण ती व्यक्ती एकटी राहते हे माहीत नाही. राशन दुकानाच्या कार्डावर पाच नावे आहेत. त्यातली चार दोन वर्षांपासून पुण्यात आहेत हे कार्डाला माहीत नाही, त्यामुळे कागदावर म्हातारी भरल्या घरात राहते. तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेकडे निवृत्तिवेतनाची यादी आहे. तिच्यात बँक खाते आहे, मोडलेली मांडी नाही. चौथी यादी आशाताईंच्या पिशवीत असते, आणि ती खरोखर चांगली आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी त्या भरतात त्या तपासणी फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का? जेवायला, कपडे घालायला, अंघोळीला दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्या माणसांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का?

म्हणजे नेमके जे विचारायला हवे ते विचारले जाते, आणि विचारणारी बाई त्याच गल्लीतली असते. उत्तर मात्र आरोग्य खात्याच्या वाटेने वर जाते. तोल जातो, हे ज्याच्या हातात पायरी दुरुस्त करणे आहे त्या ग्रामपंचायतीला कळत नाही. मदत लागते, हे ज्याच्या हातात राशन घरपोच देणे आहे त्या दुकानदाराला कळत नाही. या चार याद्या एका दुपारी एका टेबलावर ठेवल्या, नाव-घर-गल्ली लावून पाहिल्या आणि 'एकटे', 'दोघेच', 'अंथरुणाला खिळलेले' अशा खुणा केल्या, तर दिघोरीएवढ्या गावाला हे काम जड नाही. आरोग्याची माहिती चारचौघांत वाचून दाखवायची नसते एवढे भान ठेवावे. खुणा पुरेशा आहेत, आजाराचे नाव लागत नाही.

ठरलेला दिवसही आयता आहे. अंगणवाडीत महिन्यातून एकदा ग्राम आरोग्य पोषण दिन असतो. लसी देतात, गरोदर बायांची तपासणी होते, मुलांची वजने घेतात. अंगणवाडीत मोठ्या माणसांचा वजनकाटा असतो, कारण गरोदर बाईचे वजन करावे लागते. मूल पोटात असल्यापासून त्याचे वजन दरमहा वहीत चढते. पंचाहत्तरीतल्या बाईचे पोलके ढिले पडत जाते, लुगड्याच्या निऱ्या वाढत जातात, पण तिला त्या काट्यावर कोणी उभे करत नाही. वृद्धापकाळात काही महिन्यांत नकळत वजन उतरणे हे क्षयापासून कर्करोगापर्यंत आणि न चावता येणाऱ्या दातांपासून एकटेपणापर्यंत कितीतरी गोष्टींचे लक्षण असते. त्याच दिवशी साठीपुढच्यांचे वजन आणि रक्तदाब घ्यायचा, महिनाभराच्या गोळ्या हातात द्यायच्या आणि जे आले नाहीत त्यांची नावे आशाताईंनी दुसऱ्या दिवसासाठी घ्यायची. उपकेंद्रांची आता आयुष्मान आरोग्य मंदिरे झाली आहेत, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, आणि त्यांच्या ठरवून दिलेल्या कामांत वृद्धांची काळजी व अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा कागदोपत्री आहेच. यासाठी नवा आदेश लागत नाही.

पैशांकडे येऊ. श्रावणबाळ योजनेत 65 वर्षांपुढच्या निराधार व्यक्तीला महिन्याला 1,500 रुपये मिळतात. 2023 आधी ते 1,000 होते. त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. एकाहत्तर दिवस काम केले की ही मर्यादा ओलांडली. म्हणजे दाखला खरा द्यावा तर पेन्शन जाते. केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत 60 ते 79 वयाच्यांना केंद्राचा वाटा अजून 200 रुपयेच आहे, त्यावर बोलण्यासारखे काही नाही.

जे मिळते ते हातात पडण्यात आणखी एक अडचण आहे, आणि ती अंगठ्याची. आयुष्यभर धान रोवून, कापून, भांडी राखेने घासून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. यंत्र दोनदा, तीनदा नाही म्हणते, आणि म्हातारी उद्या येते म्हणून परत फिरते. डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवता येते, मोबाईलवर आकडा मागवता येतो, पण ते यंत्र त्या दिवशी दुकानात असावे लागते आणि तो मोबाईल पुण्यातल्या मुलाच्या खिशात नसावा लागतो. टपाल खात्याची पेमेंट बँक 2018 मध्ये सुरू झाली, आणि आता गावचा डाक सेवक यंत्र घेऊन घरी येऊन आधारवर पैसे काढून देऊ शकतो. ही सोय मला सगळ्यांत उपयोगाची वाटते आणि तिच्याबद्दल सगळ्यांत कमी लोकांना माहीत असते. वर केलेल्या यादीची एक प्रत डाकघरात गेली पाहिजे.

एसटीचे तिकीट 75 वर्षांपुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून माफ झाले. 65 ते 75 वयाच्यांना अर्धे, आणि मार्च 2023 पासून सगळ्या बायांना अर्धे. ही सवलत गावोगाव खरोखर वापरली जाते. लेकीकडे जाणे, मंडईला जाणे, डोळे तपासून घेणे तिच्यामुळे वाढले. परतीची गाडी वेळेत आहे का, फाट्यावर सावली आणि बसायला बाक आहे का, हे प्रश्न मात्र सवलतीत येत नाहीत. बाक ग्रामपंचायत बसवू शकते. एसटीची पहिली पायरी उंच असते, म्हणून थांब्यावर एक सिमेंटचा ओटा केला तरी पुरतो.

शहरात ज्येष्ठ नागरिक संघ असतात, विरंगुळा केंद्रे असतात. त्यांचा राज्यव्यापी महासंघ फेस्कॉमही जुना आहे. त्यांचे बहुतेक सभासद पेन्शनीतले. ज्याने पेन्शन पाहिलेली नाही अशा शेतमजुरासाठी 'संघ' हा शब्द परका आहे. पण पूर्व विदर्भातल्या गावांना एक जुनी सवय आहे. तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभारले, तिथून गुरुदेव सेवा मंडळे गावोगाव गेली, आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना अनेक गावांत अजून चालते. बौद्ध वस्तीत विहार आहे, तिथे पौर्णिमेला माणसे जमतात. या बैठकांना रोज किंवा नेमाने येणारी माणसे प्रामुख्याने म्हातारीच. कालपर्यंत येणारे काकाजी आज का आले नाहीत, हे तिथल्या माणसांना कोणत्याही यंत्राआधी कळते. त्यांनी फक्त एवढेच ठरवायचे: आले नाहीत तर उठताना त्यांच्या दारावरून जायचे. प्रार्थना मंडळाने आणि विहार समितीने हे काम अंगावर घेतले तर त्याला पैसे लागत नाहीत आणि सरकारी शिक्काही लागत नाही. मात्र दोन्ही वस्त्या वेगळ्या आहेत आणि एकीची विचारपूस दुसरीत जात नाही, हे विसरून केलेला आराखडा अर्ध्याच गावाचा होईल.

असे होऊ शकते याचा पुरावा केरळात आहे. 1993 मध्ये कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आले की ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे ती माणसे दवाखान्यापर्यंत येऊच शकत नाहीत. मग काम उलटे केले. मलप्पुरम आणि आसपासच्या भागांत शेजारपाजारच्या लोकांना थोडे शिक्षण देऊन आठवड्यातले काही तास मागितले. घरी जाणे, बोलणे, अंग पुसणे, कुशीवर वळवणे, घरात तांदूळ आहे का ते पाहणे ही कामे त्यांची, जखमेसाठी नर्स, औषध बदलण्यासाठी डॉक्टर. 2008 मध्ये केरळ सरकारने यासाठी धोरण केले आणि पंचायती आपल्या पैशांतून घरोघर फिरणाऱ्या नर्स ठेवू लागल्या. लोक आधी आले, धोरण पंधरा वर्षांनी आले. जपानने याच काळात वेगळा रस्ता घेतला: 2000 मध्ये देशभर काळजी-विमा लागू केला आणि 2006 पासून साधारण एकेका माध्यमिक शाळेच्या परिसरासाठी एकेक मदतकेंद्र उभे केले. विम्याचा हप्ता भरणारा पगारदार जपानात आहे. आपल्याला केरळच जवळचे.

आपल्याकडे वृद्धांचा विषय निघाला की बोलणे लगेच मुलांच्या कर्तव्यावर जाते. 2020 च्या अखेरीस लातूर जिल्हा परिषदेने आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापण्याचा निर्णय घेतला, त्याची देशभर बातमी झाली. ज्याला पगारच नाही त्याचे काय कापणार? 2007 च्या कायद्याने वृद्ध पालक उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात आणि महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागू शकतात. पण ज्याच्या हातचे जेवण जेवायचे त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करील? या कायद्यातले कलम 23 मात्र प्रत्येक सातबाराधारकाने लक्षात ठेवावे. सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन किंवा घर बक्षीस दिले आणि सांभाळ झाला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हे कलम वृद्धांच्या बाजूने उदारपणे वाचले. तरीही तोंडी भरवशावर न राहता अट दस्तात लिहून घेणे बरे. तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर ही दोन वाक्ये रंगवली तर न्यायाधिकरणाचे बरेच काम वाचेल.

आता ग्रामपंचायतीच्या आराखड्याकडे. 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने तो दरवर्षी होतो आणि हल्ली तो नऊ संकल्पनांवर बेततात. त्यांत बालस्नेही गाव आहे, महिलास्नेही गाव आहे, जलसमृद्ध गाव आहे. ज्येष्ठस्नेही गाव नाही. म्हातारे 'सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव' या गठ्ठ्यात दिव्यांग आणि निराधारांसोबत येतात. स्वनिधीतून महिला व बालकल्याणासाठी 10 टक्के, मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, दिव्यांगांसाठी 5 टक्के राखून ठेवावे लागतात. वृद्धांसाठी राखीव काही नाही. माझ्या मते दहावी संकल्पना मागत बसण्यात अर्थ नाही. फाट्यावरचा बाक हा रस्त्याचा खर्च आहे, सांदवाडीतला दांडा हा स्वच्छतेचा, आणि वित्त आयोगाच्या निधीचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो. संडास म्हाताऱ्या माणसाला वापरता येत नसेल तर गाव हागणदारीमुक्त झाले असे म्हणता येत नाही, हा मुद्दा ग्रामसेवकापुढे ठेवून पाहावा.

खरी अडचण वेगळीच आहे. वर जी जी कामे लिहिली ती फिरून त्याच तीन-चार बायांच्या डोक्यावर येतात: आशाताई, अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि घरातली सून. आशांचा बराचसा मोबदला कामागणिक असतो. ज्या कामाला दर ठरलेला नाही ते काम जवळपास फुकट. वृद्धांच्या घरभेटीचा दर ठरवल्याशिवाय त्यांच्याकडून ती मागणे हा अन्याय आहे, आणि तो अन्याय आपण 'सेवाभाव' म्हणून खपवतो. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला मिळणारा 10,000 रुपयांचा अबंधित निधी रोवणीच्या आणि उन्हाळ्याच्या आठवड्यांतल्या भेटींसाठी वापरता येईल का, यावर समितीने एकदा तरी चर्चा करावी. वापरता येत नसेल तर स्वनिधीतून करावे.

आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. हलक्या धानाची कापणी तेव्हा तोंडावर असते आणि ग्रामसभेला तरुण कमी, म्हातारेच जास्त बसलेले दिसतात. पहिल्या वर्षी दोनच ठराव घ्यावेत: चार याद्यांची एक यादी, आणि पोषण दिनी साठीपुढच्यांचे वजन व रक्तदाब. दांडे, दिवे आणि बाक दुसऱ्या वर्षी. तोवर कोणत्या घरात काय लागते ते यादीनेच सांगितलेले असेल. आणि ग्रामसभा सतरंजीवर न घेता शाळेतले बाक बाहेर काढून घ्यावी. खाली बसलेल्या म्हाताऱ्याला बोलण्यासाठी उठायला दोघांचा हात लागतो, म्हणून तो बोलतच नाही.